शल्य आणि सल : मणक्यावरील शस्त्रक्रियेनंतरची जुनाट वेदना आणि मराठी भाषा

१

'शल्य' आणि 'सल' हे दोन शब्द मुळात एकच आहेत. संस्कृत 'शल्य' म्हणजे शरीरात रुतलेला बाणाचा अथवा काट्याचा तुकडा. तो बाहेर काढण्याची विद्या ती शल्यविद्या. आयुर्वेदाची जी आठ अंगे सुश्रुतसंहितेत सांगितली आहेत, त्यांत शल्यतंत्राचा निर्देश प्रथम येतो. आणि महाराष्ट्रात आजही 'जिल्हा शल्य चिकित्सक' हे पद त्याच शब्दाने ओळखले जाते. हाच शब्द 'सल्ल' या प्राकृत रूपातून मराठीत उतरला तो 'सल' होऊन. मात्र वाटेत त्याचा अर्थ पालटला. मराठीत 'सल' म्हणताना आपणास रुतलेली वस्तू अभिप्रेत नसते. वस्तू निघून गेल्यावरही जी बोच मागे राहू शकते ती अभिप्रेत असते.

पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झालेल्या अनेकांची अवस्था या शब्दयुग्माने नेमकी सांगता येते. शल्य निघालेले असते, सल राहिलेला असतो. मज्जातंतूवरचा दाब दूर झालेला असतो, जखम भरलेली असते, टाके केव्हाच निघालेले असतात. आणि तरीही कंबर ठणकत असते. अशा माणसाला वैद्यकशास्त्र आज निःसंदिग्धपणे सांगते, की हालते-फिरते राहणे हेच त्याच्या हिताचे आहे. हा सल्ला समजण्यास सोपा आहे. पण तो पाळला जात नाही असा सर्वत्र अनुभव येतो. याची शारीरिक, मानसिक आणि आर्थिक कारणे अनेक आहेत व ती इतरांनी तपासलेली आहेत. प्रस्तुत लेखात केवळ एका कारणाचा विचार करावयाचा आहे, व ते भाषिक आहे. वेदनेविषयी आपण ज्या नित्याच्या मराठीत बोलतो, त्या मराठीत काही भिन्न गोष्टी एकाच शब्दात बांधल्या गेल्या आहेत. जुनाट वेदनेत त्या एकमेकींपासून सोडवाव्या लागतात. सुदैवाने त्या सोडविण्याचे साधनही मराठीतच उपलब्ध आहे, आणि ते मुख्यतः तिच्या क्रियापदांत आहे.

२

भाषेकडे वळण्यापूर्वी वैद्यकीय पार्श्वभूमी थोडक्यात पाहणे अवश्य आहे.

दोन मणक्यांमधील चकती फुटून तिचा भाग मज्जातंतूवर दाबला जातो व त्यामुळे पायात कळ उतरते, ही उपपत्ती मिक्स्टर आणि बार या बोस्टनच्या दोन शल्यविशारदांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाने प्रस्थापित झाली. चकतीचा दाबणारा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया तेव्हापासून रूढ झाली. पायात उतरणाऱ्या कळेवर ती जितकी गुणकारी ठरते, तितकी निव्वळ कंबरदुखीवर ठरत नाही. शस्त्रक्रियेनंतर वेदना टिकून राहण्याची कारणेही एक नाहीत : दीर्घकाळ दबलेला तंतू पूर्ववत न होणे, व्रणाची ऊतक दाटणे, शेजारच्या मणक्यांवर भार येणे, न वापरल्याने स्नायू दुबळे होणे, आणि या सर्वांबरोबर वेदनेची यंत्रणाच अतिसंवेदनशील होऊन बसणे.

या अवस्थेला इंग्रजीत पूर्वी जे नाव होते त्याचा शब्दशः अर्थ 'अयशस्वी पाठ-शस्त्रक्रियेचा लक्षणसमूह' असा होतो. या नावात रोगाचे वर्णन नाही, एका कृतीवर दिलेला निकाल आहे; ऐकणाऱ्याला त्यातून 'आता उपाय उरला नाही' एवढेच कळते. २०२१ साली तज्ज्ञांच्या एका गटाने त्याऐवजी 'टिकून राहिलेल्या कण्याच्या वेदनेचा लक्षणसमूह' या अर्थाचे नाव सुचविले. शस्त्रक्रिया न झालेल्यांची वेदना हा त्याचा पहिला प्रकार, व झालेल्यांची हा दुसरा. नाव बदलल्याने कोणाची पाठ बरी होत नाही हे खरे. परंतु कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे हे नावावरून ठरते, हेही तितकेच खरे आहे.

वेदनेच्या स्वरूपाविषयीची कल्पनाही पालटली आहे. देकार्तच्या १६६४ साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पायाला विस्तवाचा चटका बसलेल्या माणसाचे प्रसिद्ध चित्र आहे. दोरी ओढली की घंटा वाजावी, त्याप्रमाणे पायातील तंतू ओढला जातो व मेंदूत वेदना उमटते, असे त्याचे प्रतिपादन होते. या चित्रानुसार जितकी इजा तितकी वेदना. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडलेल्या 'द्वार-नियंत्रण' सिद्धांताने ही सरळ दोरी तोडली. पाठीच्या मज्जारज्जूत येणाऱ्या संदेशांना जणू एक दार असते. स्पर्शाचे इतर संदेश आणि मेंदूकडून खाली येणाऱ्या आज्ञा या दोहोंमुळे ते कमीअधिक उघडते, असे त्यांनी दाखविले. सिद्धांताच्या तपशिलात पुढे सुधारणा झाल्या. पण इजा आणि वेदना यांचे प्रमाण ठरलेले नसते, हा त्याचा गाभा टिकला. वेदनेच्या अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली केलेली व २०२० साली सुधारलेली व्याख्या वेदनेस इंद्रियजन्य व भावनिक अशा दुहेरी स्वरूपाचा अनुभव मानते; आणि ऊतकाची इजा प्रत्यक्ष असो वा नसो, त्या जातीचा अनुभव आला म्हणजे ती वेदनाच होय असे मानते. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी वा पुन्हापुन्हा उद्भवणारी वेदना ती जुनाट. २०१९ साली जागतिक आरोग्य परिषदेने स्वीकारलेल्या व २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात शस्त्रक्रियेनंतरच्या जुनाट वेदनेस स्वतंत्र स्थान मिळाले आहे.

तिसरी गोष्ट विश्रांतीची. कंबरदुखीवर अंथरुणात पडून राहणे हा उपाय दीर्घकाळ निर्विवाद मानला जात असे. १९८६ साली अमेरिकेत डेयो व सहकाऱ्यांनी २०३ रुग्णांवर केलेल्या प्रयोगात सात दिवसांच्या सक्तीच्या विश्रांतीपेक्षा दोन दिवसांची विश्रांती कोणत्याही प्रकारे कमी ठरली नाही. उलट दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी झाले. १९९५ साली फिनलंडमधील प्रयोगात तर विश्रांती घेणारे व ठराविक व्यायाम करणारे या दोघांपेक्षाही, सोसेल त्या बेताने नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर सावरले. हे दोन्ही प्रयोग नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीचे होते, शस्त्रक्रियेनंतरच्या नव्हेत, हे येथे लक्षात ठेविले पाहिजे. तथापि चकतीच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पुनर्वसनाचा जो साकल्याने आढावा कॉक्रेन संस्थेच्या वतीने २०१४ साली प्रसिद्ध झाला, त्याचाही कल त्याच दिशेने आहे. चार ते सहा आठवड्यांनी व्यायाम सुरू करणाऱ्यांची वेदना व परावलंबन, काहीच न करणाऱ्यांपेक्षा लवकर कमी झाले. आणि व्यायामामुळे दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसून आले नाही. हा पुरावा फार उच्च प्रतीचा नाही, असे आढावा घेणाऱ्यांनीच नमूद केले आहे. पण उलट बाजूस, म्हणजे दीर्घकाळ पडून राहण्याच्या बाजूस, त्याहून बळकट पुरावा नाही.

३

आता प्रश्न असा, की हे सर्व मराठीत सांगू गेल्यास काय होते?

प्रथम 'दुखणे' हा शब्द घेऊ. संस्कृत 'दुःख' मराठीत दोन वाटांनी आले. तत्सम 'दुःख' हळूहळू मनाकडे गेले. प्राकृत 'दुक्ख' यावरून आलेले 'दुखणे' हे क्रियापद शरीराकडे राहिले. 'मला दुःख झाले' आणि 'मला दुखले' यांत कोणीही मराठी माणूस घोटाळा करीत नाही. ही वाटणी सोयीची खरी. पण तिच्यामुळे शरीरवेदनेचा भावनिक अंश आपल्या बोलण्यातून वगळला जातो. 'यात मनाचाही भाग आहे' असे वैद्याने म्हणताच 'म्हणजे माझे दुखणे खोटे काय?' असा प्रतिप्रश्न येतो, तो या वाटणीमुळेच.

'दुखणे' याचा दुसरा गुंता अधिक महत्त्वाचा आहे. क्रियापद म्हणून त्याचा अर्थ वेदना होणे. पण नाम म्हणून त्याचा अर्थ आजार. 'त्याला मोठे दुखणे आले', 'दुखण्यातून उठला', 'दुखणेकरी', 'दुखणाईत' या सर्व प्रयोगांत वेदनेचा उल्लेख असेलच असे नाही, आजाराचा आहे. जेथे दुखते तेथे दुखणे आहे, आणि दुखणे आहे तेथे आत काहीतरी बिघडलेले आहे, ही साखळी शब्दानेच जोडून दिली आहे. ताज्या इजेच्या बाबतीत ती साखळी बरोबर आहे. जुनाट वेदनेत ती फसवी ठरते.

या साखळीत आपल्याकडील प्रचलित शब्दप्रयोग आणखी भर घालतात. 'मणक्यात गॅप आहे', 'चकती सरकली', 'हाडे झिजली', 'मणका घासला गेला' हे सर्व यंत्राच्या सुट्या भागांचे रूपक आहे. बिजागरी वापराने झिजते म्हणून ती जपून वापरावी, हे त्या रूपकातून आपोआप निष्पन्न होते. पण जिवंत हाड आणि स्नायू बिजागरीच्या उलट वागतात. प्रमाणात वापरल्याने ते दृढ होतात. शिवाय ही 'झीज' वेदनेचा पुरावा नव्हे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, ज्यांची पाठ मुळीच दुखत नव्हती अशा ३,११० व्यक्तींच्या कण्याच्या प्रतिमा एकत्र तपासल्या गेल्या. त्यांत विशीतील ३७ टक्के आणि ऐंशीच्या वयाच्या ९६ टक्के लोकांत चकतीच्या झिजेची चिन्हे आढळली. ज्याला केसांतील पांढरेपणा म्हणावयाचे त्याला आपण मोडतोड म्हणत आहोत, असा याचा अर्थ.

दुसरा शब्द 'आराम'. हा फारसीतून आला, आणि मराठीत त्याला दोन अर्थ आहेत. 'आराम करा' म्हणजे विश्रांती घ्या. 'औषधाने आराम पडला' म्हणजे गुण आला, वेदना शमली. भेटीस आलेला मनुष्य 'आता आराम आहे ना?' असे विचारतो तेव्हा तो प्रकृतीविषयी विचारीत असतो, आणि जाताना 'आराम करा' म्हणतो तेव्हा त्याच शब्दाने उपाय सांगून जातो. ज्या आजारांत विश्रांतीनेच गुण येतो अशा आजारांच्या दीर्घ अनुभवातून हे अर्थैक्य घडले असावे, आणि तापाच्या बाबतीत ते अद्यापि खरे आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांतही ते बऱ्याच अंशी खरे असते. परंतु सहा महिन्यांनंतर, वर्षानंतर ते खोटे ठरते. त्या काळात आराम केल्याने आराम पडत नाही. हे वाक्य मराठीत विरोधाभासासारखे ऐकू येते, यातच आपली अडचण स्पष्ट होते.

तिसरी जोडी वाक्प्रचारांची आहे. आजारी माणसासमोर मराठीने दोन मार्ग ठेविले आहेत. तो 'अंथरूण धरतो', किंवा दुखणे 'अंगावर काढतो'. पहिल्यात शरणागती आहे; दुसऱ्यात हेळसांड आहे. 'अंगावर काढू नकोस' हे घरातील वडीलधाऱ्यांचे वाक्य सर्वांच्या परिचयाचे आहे, आणि ते प्रेमाने उच्चारलेले असते. व्यायामतज्ज्ञ जेव्हा 'दुखले तरी थोडे चाला' असे सांगतो, तेव्हा घरच्या मंडळींना ते 'अंगावर काढा' असेच ऐकू येते. आणि ती मंडळी पाण्याचा तांब्यादेखील उचलू देत नाहीत. वास्तविक सांगणाऱ्याला तिसराच मार्ग अभिप्रेत असतो. त्याकडे पुढे येऊ.

४

येथवर भाषेच्या अडचणी पाहिल्या. आता तिची संपत्ती पाहू.

मेल्झॅक आणि टॉर्गर्सन यांनी १९७१ साली वेदनेच्या भाषेवर एक निबंध लिहिला. वैद्यकीय वाङ्मयातून वेदनेची वर्णने करणारे १०२ इंग्रजी शब्द त्यांनी वेचले आणि त्यांचे गट पाडून तीव्रतेनुसार क्रम लाविला. त्यातूनच १९७५ साली मॅकगिल विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाणारी प्रश्नावली सिद्ध झाली. तीत ७८ शब्द २० गटांत विभागलेले आहेत. 'दुखते का? किती?' एवढ्यावर न थांबता 'कसे दुखते?' हा प्रश्न शास्त्रीय ठरविण्याचे श्रेय या कार्यास द्यावे लागेल. तथापि ही प्रश्नावली मराठीत शब्दास शब्द ठेवून आणता येणार नाही. कारण तिचे शब्द बहुतांशी विशेषणे आहेत, आणि मराठी वेदनेचे वर्णन विशेषणांनी फारसे करीत नाही. ती ते नामांनी आणि क्रियापदांनी करते.

मराठीत कळ येते, चमक निघते, उसण भरते, ठणका लागतो, सणक जाते, मुंग्या येतात, पायात गोळा येतो, पाठ धरते, कंबर अवघडते, मांडी भरून येते, हाताला रग लागते. या शब्दांच्या घडणीतच वेदनेचा काल दडलेला आहे. 'कळ', 'चमक', 'सणक' हे एकदाच उसळणाऱ्या वेदनेचे शब्द. तर 'ठसठस', 'जळजळ', 'चरचर', 'झिणझिण्या' ही अभ्यस्त रूपे सतत आवर्तन घेणाऱ्या वेदनेची. अनुकरणवाचक शब्दांचे द्वित्व येथे अलंकारासाठी नाही, ते माहिती पुरविते.

या भेदांचा व्यवहारात उपयोग आहे. बरेच दिवस न वापरलेला स्नायू वापरला म्हणजे जी वेदना होते ती 'रग' किंवा 'भरून येणे'. ती दोन दिवसांत ओसरते व तिच्यात भय नाही. कमरेपासून निघून पोटरीपर्यंत उतरणारी 'कळ', किंवा पावलात येणाऱ्या 'मुंग्या' व 'बधिरपणा' यांचा संबंध मज्जातंतूशी असू शकतो, आणि त्यांत नवा बदल झाल्यास तो वैद्यास सांगितला पाहिजे. शब्द म्हणजे निदान नव्हे; पण सगळ्यालाच 'दुखते' म्हणणारा मनुष्य व्यायामानंतरच्या रगेलाही इजा समजून व्यायाम सोडतो. 'आज दुखत नाही, रग लागली आहे' असे म्हणता येणे ही सुधारणेची एक पायरी होय.

५

वर दिलेल्या प्रयोगांचे एक लक्षण वाचकांच्या ध्यानात आले असेल. त्या सर्वांत कर्ता वेदना तरी आहे, किंवा अवयव तरी. माणूस कर्ता नाही. 'माझी पाठ दुखते' यात माणूस षष्ठीत आहे, 'मला दुखते' यात चतुर्थीत, आणि 'माझ्या कमरेत चमक निघते' यात तर तो केवळ वेदनेचे अधिकरण बनला आहे. वेदना येते, भरते, धरते, उतरते, जाते. माणूस स्थळ म्हणून उपस्थित असतो. अनुभव म्हणून हे खरेच आहे. परंतु दिवसाच्या सर्व वाक्यांत माणूस अधिकरणच राहिला, तर तो काय करू शकतो हे सांगणारे वाक्य शिल्लक राहत नाही.

म्हणून 'दुखते का?' या प्रश्नाऐवजी 'काय करवते?' हा प्रश्न विचारला पाहिजे. येथे मराठीचे एक विशेष सामर्थ्य उपयोगी पडते. 'चालणे' या एका क्रियेचा अभाव सांगणारी पुढील चार वाक्ये पाहावीत.

मला चालता येत नाही.
मला चालवत नाही.
मला चालायचे नाही असे सांगितले आहे.
मी चालायला धजत नाही.

पहिले वाक्य क्षमतेच्या अभावाचे आहे. पाऊल उचलतच नाही, घोटा वर होत नाही, अशी स्थिती त्यात बसते. दुसरे वाक्य मराठी व्याकरणकार ज्यास 'शक्य क्रियापद' म्हणतात त्याचे. 'चालवणे' हे प्रयोजक रूपासारखे दिसते, पण येथे कोणी कोणाला चालवीत नाही. क्रिया येते, मात्र वेदनेमुळे वा थकव्यामुळे ती शरीराला झेपत नाही, असा त्याचा भाव आहे. तिसरे वाक्य निषेधाचे आहे. चौथे भयाचे आहे. बोलीत या सीमा नेहमीच काटेकोर पाळल्या जातात असे नाही. आणि इंग्रजीत तर पहिली दोन वाक्ये बहुधा एकाच साहाय्यक क्रियापदाने सांगितली जातात. परंतु मराठी भाषकाला विचारून घेतले असता तो चारही निरनिराळी करून सांगू शकतो.

या चार वाक्यांवरचे उपाय चार आहेत, म्हणून हा भेद केवळ व्याकरणाचा राहत नाही. 'येत नाही' असे असेल, आणि विशेषतः ते नव्याने झाले असेल, तर वैद्याकडे तत्काळ गेले पाहिजे. पायातील बळ अकस्मात कमी होणे, लघवी वा शौचावरचा ताबा जाणे, बैठकीच्या जागी बधिरता येणे ही लक्षणे तातडीची आहेत. शस्त्रक्रियेनंतर ताप येणे वा जखमेतून स्राव होणे हेही थांबून पाहण्यासारखे नाही. 'चालवत नाही' यावर उपाय क्रमाक्रमाने वाढविलेल्या सरावाचा. 'चालायचे नाही असे सांगितले आहे' यावर उपाय विचारण्याचा : कोणी सांगितले, केव्हा सांगितले, आणि किती काळापुरते? शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांसाठी घातलेले निर्बंध पाच वर्षांनीही पाळणारे लोक आढळतात. कारण निषेधार्थी वाक्यास मुदत जोडण्याची आपल्याला सवय नाही. आणि 'धजत नाही' याचा उपाय, ज्याचे भय वाटते तीच क्रिया सुरक्षित रीतीने थोडी करून पाहण्याचा. व्लायन आणि लिंटन यांनी २००० साली ज्या 'भय व टाळणी' यांच्या चक्राचे विवेचन केले, ते येथे लागू पडते. वेदनेचे भय वाटते म्हणून हालचाल टाळली जाते, टाळल्याने शरीर दुबळे होते, दुबळेपणाने वेदना वाढते आणि वाढलेली वेदना भयाला पुरावा पुरविते.

प्रस्तुत लेखकाच्या कमरेच्या मणक्यावर २०१६ साली शस्त्रक्रिया झाली. पायातील कळ थांबली. कमरेतील ठणका राहिला. एका सायंकाळी, काहीशा व्यावसायिक सवयीने, दिवसभरात न केलेल्या कामांची यादी करून प्रत्येकापुढे वरील चारांपैकी योग्य क्रियापद लिहून पाहिले. ग्रंथालयाच्या खालच्या फळीवरचा कोश काढणे, बसने प्रवास करणे, तास उभ्याने घेणे, जमिनीवर बसून जेवणे अशा अकरा कामांपैकी एकापुढेही 'येत नाही' लिहिता आले नाही. चारांपुढे 'करवत नाही' आले, दोहोंपुढे जुना निषेध, आणि उरलेल्या पाचांपुढे 'धजत नाही'. ही यादी म्हणजे शास्त्रीय पुरावा नव्हे. पण कोणत्या कामाला कोठून हात घालावयाचा, हे तिने सांगितले.

६

आता तिसऱ्या मार्गाकडे वळू. 'अंथरूण धरणे' आणि 'अंगावर काढणे' यांच्या मधला मार्ग सांगणारा शब्द मराठीत आहे. तो म्हणजे 'बेताने'.

'बेत' या शब्दाचे दोन अर्थ आपण रोज वापरतो. 'उद्याचा काय बेत आहे?' यात बेत म्हणजे योजना. 'बेताने खा', 'पगार बेताचा आहे' यांत बेत म्हणजे प्रमाण, मर्यादा. जुनाट वेदनेत काम कसे करावे याचे आधुनिक तत्त्व या दोन अर्थांच्या संयोगात सामावले आहे : प्रमाण आधी ठरवावयाचे, आणि ते योजनेने ठरवावयाचे, वेदनेने नव्हे. सिएटल येथील मानसशास्त्रज्ञ फोर्डाइस यांच्या १९७६ सालच्या ग्रंथात याची उपपत्ती आढळते. दुखू लागेपर्यंत काम करावयाचे आणि दुखू लागले की पडावयाचे, असे केल्यास विश्रांती ही वेदनेची बक्षिसी बनते. पुढेपुढे वेदनाच दिवसाचे वेळापत्रक आखू लागते. याउलट ठरलेले काम ठरल्या वेळी संपविले व मग विसावा घेतला, तर विसावा कामाशी जोडला जातो.

एक उदाहरण घेऊ. एखाद्यास सोसवेल तितके चालावयास सांगितले, आणि तीन दिवसांत तो अनुक्रमे १४, ९ व १३ मिनिटे चालला. सरासरी १२ मिनिटे झाली. त्याचा आरंभ १२ मिनिटांनी नव्हे, त्याहून थोडे कमी, म्हणजे १० मिनिटांनी व्हावा. चांगल्या दिवशी १० आणि वाईट दिवशीही १०. पुढील आठवड्यात ११. यात कठीण भाग वाईट दिवसाचा वाटतो. प्रत्यक्षात चांगला दिवस अधिक कठीण असतो. बरे वाटते म्हणून महिन्याभराची साचलेली कामे एका रविवारी उरकणारा मनुष्य सोमवार ते बुधवार अंथरुणात काढतो, आणि त्यातून 'काम केले की दुखते' हा चुकीचा नियम शिकतो. उसळीच्या दिवसांसाठी बेत आधीच लहान करून ठेवावा. पण तो शून्यावर आणू नये.

अध्ययन-अध्यापन करणाऱ्यांना हा विचार विशेष लागू आहे. आपले काम बसून करावयाचे, आणि बैठक मोडणे म्हणजे एकाग्रता मोडणे असे आपण समजतो. प्रबंधाचे प्रकरण संपेपर्यंत उठावयाचे नाही, हा संकल्प निरोगी पाठीलाही महागात पडतो. अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे चालणे, वाचनाचा काही भाग उभ्याने करणे, पुस्तकांचे ओझे दोन फेऱ्यांत नेणे यांत लाजण्यासारखे काही नाही. सहाध्यायी वा सहकारी असा वागताना दिसला तर त्याचे काम हिरावून घेऊ नये; त्याला किती करवते ते विचारावे, आणि तो सांगेल तेवढे त्याला करू द्यावे.

याने वेदना नाहीशी होते काय? पुष्कळदा होत नाही. येथे मराठीतील आणखी एक भेद स्मरणात ठेवावा : 'बरा होणे' आणि 'बरे असणे'. 'बरा झालो' ही पूर्ण झालेली क्रिया आहे. आजार मागे पडल्याचे ते विधान आहे. 'बरा आहे' ही स्थिती आहे, आणि तिच्यात थोडे दुखणेही सामावू शकते. 'बरा झालास का?' या प्रश्नाला वर्षानुवर्षे 'नाही' असे उत्तर द्यावे लागणारा मनुष्य 'बरा आहेस ना?' या प्रश्नाला प्रामाणिकपणे 'हो' म्हणू शकतो.

७

पालि वाङ्मयातील संयुत्तनिकायात 'सल्लसुत्त' नावाचे एक सूत्र आहे. त्यात अशिक्षित मनुष्यास एक बाण लागल्यावर दुसराही लागतो असा दृष्टांत येतो : पहिला शरीराच्या वेदनेचा, दुसरा तिच्यामुळे केलेल्या शोकाचा. त्या परंपरेत 'वेदना' या शब्दाचा अर्थही आपल्यापेक्षा व्यापक आहे. सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली, अशी ती त्रिविध आहे. 'विद्', म्हणजे जाणणे, या धातूशी तो अर्थ सुसंगत आहे. या सूत्राचा आधुनिक वैद्यकाशी ओढूनताणून मेळ घालण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या शीर्षकातील 'सल्ल' आणि आपला 'सल' हा एकच शब्द आहे, आणि वेदना व तिच्याविषयीची समजूत यांत भेद करता येतो ही जाणीव आपल्या भाषांच्या इतिहासात नवी नाही, एवढे त्यावरून म्हणता येईल.

भाषाभ्यासकांपुढे यातून एक काम उभे राहते. वऱ्हाडापासून कोकणापर्यंत वेदनेचे शब्द एकसारखे नाहीत. एका गावची चमक दुसऱ्या गावी उसण असते. शब्दाबरोबर त्याचे क्रियापद कोणते, विभक्ती कोणती, आणि बोलणारा त्या शब्दाने शरीराच्या कोणत्या भागाकडे बोट दाखवितो, याची नोंद करून असा संग्रह सिद्ध झाला, तर तो कोशकाराइतकाच रुग्णालयातील वैद्यास व व्यायामतज्ज्ञास उपयोगी पडेल. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या क्षेत्रकार्यास तो विषय अत्यंत योग्य आहे. माहिती देणाऱ्यांची वाण पडणार नाही. प्रत्येक वाड्यात, चाळीत आणि वस्तीत कोणाची तरी पाठ दुखत असते. विचारताना मात्र 'दुखते का?' येथे थांबू नये. कसे दुखते ते विचारावे, आणि त्यानंतर, काय काय करवते तेही विचारावे.